मालमोटारीची शक्ती : वाढविण्यापूर्वी मोजावी

भाताची झोडणी आटोपून पेंढ्याच्या उडव्या रचल्या गेल्या, म्हणजे मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांतील रस्त्यांवर वर्दळ वाढू लागते. पेंढा, गवत, तांदूळ व वीट घेऊन मालमोटारी बाहेर पडतात. पुढे भेंडी, काकडी, कारली व मिरची यांचे तोडे सुरू होतात आणि तो माल पहाट होण्याच्या आत कल्याणच्या अथवा वाशीच्या बाजारात पोहोचवावा लागतो. ज्या शेतकऱ्याच्या दारी एके काळी बैलगाडी होती, त्याच्या किंवा त्याच्या गटाच्या दारी आज डिझेलवर चालणारा टेम्पो वा ट्रक उभा आहे. बैलाच्या वैरणपाण्याची व खांद्याची काळजी आपण ज्या आस्थेने वाहिली, त्याच आस्थेने ह्या नव्या जनावराचाही विचार करणे आता प्राप्त झाले आहे.

हा विचार करण्यास निमित्त असे की, डिझेल गाडीची शक्ती वाढवून घेण्याचा परिपाठ अलीकडे शेतकऱ्यांच्या गाड्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. जुन्या गाडीच्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविणे ही त्याची जुनी रीत होय. नव्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातील आज्ञा संगणकाने बदलणे ही नवी रीत. आणि गाडी 'डायनोवर' चढवून वाढलेली अश्वशक्ती कागदावर छापून देणे हा त्यावरचा कळस होय. ह्या यंत्राविषयी जितका आदर बाळगावा तितका थोडाच आहे. परंतु ज्या कामासाठी ते आहे त्या कामी त्याचा उपयोग क्वचितच केला जातो, असे माझे मत झाले आहे. डायनॅमोमीटर हा तराजू आहे. तो वजन सांगतो, वजन वाढवीत नाही. शेतकऱ्याने त्याचा उपयोग प्रथम गमावलेली शक्ती शोधण्यासाठी करावा. नवी शक्ती विकत घेण्याचा विचार त्यानंतरचा.

एक अनुभव

मुरबाड तालुक्यातील पाच शेतकऱ्यांच्या एका गटाने जुना ट्रक घेतला होता. तांदूळ व वीट घेऊन ते माळशेज घाटाने वर जात आणि येताना कांदा-टोमॅटो घेऊन कल्याणास उतरत. दुसऱ्या वर्षी गाडी घाटात दम सोडू लागली. पूर्वी तिसऱ्या गिअरात चढणारी गाडी दुसऱ्यावर येऊ लागली. गटातील एकाने मला विचारले, "साहेब, पंपाचे डिझेल वाढवून घेऊ का?" हा विषय आपल्या खात्याचा नाही, असे मनाशी म्हणून मी उत्तर टाळले आणि एखाद्या चांगल्या मिस्त्रीस विचारा, एवढेच सांगितले.

त्यांनी रस्त्यावरच्या एका कारखान्यात पंपाचे डिझेल वाढवून घेतले. कोणतेही मोजमाप झाले नाही. गाडी काही दिवस झपाट्याने चालली, मंडळी आनंदली. धुराड्यातून काळा धूर येई, तो जोर वाढल्याची खूण म्हणून सर्वांनी मानला. वैशाखातील एका दुपारी भरल्या गाडीने घाट चढत असता इंजिन जागीच अडकले. उघडून पाहिले तेव्हा एका पिस्टनचा माथा वितळला होता. दुरुस्ती करणाऱ्या फिटरने आणखी दोन गोष्टी दाखविल्या. हवेची गाळणी पेंढ्याच्या कुसाने व विटांच्या धुळीने गच्च भरली होती आणि मागच्या एका चाकाचा ब्रेक सुटत नव्हता. गाडीचा दम गेला होता तो ह्या दोन कारणांनी. रोग एकीकडे राहिला आणि औषध दुसरीकडे झाले.

गटातील दोघांनी उन्हाळी भेंडीच्या ठिबक संचासाठी जे पैसे बाजूस ठेवले होते ते त्या इंजिनात गेले. ठिबक पुढल्या वर्षावर गेले आणि त्या उन्हाळ्यात त्यांची भेंडी पाण्यावाचून अर्धी राहिली. तेव्हा मला उमगले की, हा विषय माझ्याच खात्याचा होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वेळी न दिलेले उत्तर होय.

अश्वशक्ती म्हणजे काय?

७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्यास जी शक्ती लागते तिला एक अश्वशक्ती म्हणतात. विहिरीतून ७५ लिटर पाणी दर सेकंदास एक मीटर वर येत असेल, तर ते पाणी एका अश्वशक्तीने वर येत आहे असे समजावे.

इंजिनाची शक्ती डोळ्यांनी दिसत नाही आणि आवाजावरून कळत नाही. ती मोजण्यासाठी इंजिनास अडवून पाहावे लागते. फ्रान्समधील अभियंते प्रोनी यांनी १८२१ च्या सुमारास ह्यासाठी एक साधी युक्ती काढली. फिरत्या दांड्यावर लाकडी ब्रेक आवळावयाचा, त्या ब्रेकला लांब दांडी जोडावयाची आणि दांडीच्या टोकाचा जोर वजनांनी तोलावयाचा. कृषि महाविद्यालयात शिकत असताना आम्हीही अशाच रीतीने इंजिनाच्या चक्राभोवती दोर गुंडाळून व त्यास ताणकाटा लावून लहान इंजिनाची शक्ती मोजली होती. दोर तापत असे, त्यावर पाणी घालावे लागे. परंतु हिशेब चोख उतरत असे.

आजचे डायनॅमोमीटर हे त्याच दोराचे सुधारलेले रूप आहे. मालमोटार तपासावयाची असल्यास तिची मागील चाके दोन पोलादी रुळांवर उभी करतात व गाडी साखळ्यांनी घट्ट बांधतात. चाके फिरली म्हणजे रूळ फिरतात आणि त्या रुळांना पाण्याच्या अथवा विजेच्या ब्रेकने अडविण्यात येते. अडविण्यास लागलेला पीळ आणि फेऱ्यांची गती यांच्या गुणाकारातून शक्ती निघते. पीळ किलोग्रॅम-मीटरमध्ये घेऊन त्यास मिनिटातील फेऱ्यांनी गुणावे व ७१६ ने भागावे, म्हणजे अश्वशक्ती येते. उदाहरणार्थ, १,८०० फेऱ्यांवर इंजिनाचा पीळ ३० असेल तर शक्ती सुमारे ७५ अश्वशक्ती होय. चाकांवर मोजलेली शक्ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा नेहमीच कमी भरते, कारण काही हिस्सा गिअरपेटी, आस व टायर यांत खर्च होतो. कंपनीच्या पुस्तकातील आकडा बहुधा इंजिनाचा असतो. तेव्हा दोन आकडे जुळले नाहीत म्हणून गाडी दुबळी ठरत नाही.

मोजणीची मागणी शेतकऱ्यांचीच

शक्तिमापन हा शहरी छांदिष्टांचा विषय आहे, असा समज असल्यास तो दूर व्हावा. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझिअर नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी घेतलेला ट्रॅक्टर जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे काम देईना. ते राज्याच्या विधिमंडळाचे सभासदही होते. त्यांच्या प्रयत्नाने १९१९ साली असा कायदा झाला की, ट्रॅक्टरचे नमुने विद्यापीठात मोजून घेतल्यावाचून राज्यात विकू नयेत. १९२० पासून मोजणी सुरू झाली आणि फुगविलेले आकडे छापणे कंपन्यांना कठीण झाले.

आपल्या देशात मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथील केंद्रीय संस्था पुढे ट्रॅक्टर व शेतीयंत्रांची परीक्षा घेऊन अहवाल प्रसिद्ध करू लागली. ट्रॅक्टरच्या मागील दांड्यावर किती शक्ती मिळते व त्यासाठी तासाला किती डिझेल लागते, हे त्या अहवालांत दिलेले असते. मोटारगाड्यांसाठी पुण्यात १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. ह्या सर्व ठिकाणी डायनॅमोमीटर हे खरे-खोटे पाहण्याचे साधन आहे. शेतकऱ्याने त्याच दृष्टीने त्याकडे पाहावे.

डिझेल वाढविल्याने काय होते?

डिझेल इंजिनात हवा प्रथम आत येते, ती दाबली जाऊन अत्यंत तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला जातो. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ साली जर्मनीत मोजणी झाली, तेव्हा त्याने इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावली असे आढळले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा ही कामगिरी फारच सरस होती. फवारा बारीक, वेळेवर आणि हवेच्या प्रमाणात असला पाहिजे, हेच ह्या काटकसरीचे मर्म आहे.

एक लिटर डिझेल पुरते जळण्यास सुमारे १२ किलोग्रॅम हवा लागते. म्हणजे आकारमानाने सुमारे १० घनमीटर. प्रत्यक्षात डिझेलचा प्रत्येक थेंब हवेत सारखा मिसळत नाही, म्हणून ह्याहूनही बरीच अधिक हवा आत यावी लागते. आता पंपाचे डिझेल वाढविले आणि हवा तेवढीच राहिली तर काय होईल? चुलीत लाकडे कोंबली व फुंकणी तशीच राहिली, म्हणजे जे होते तेच. जाळ थोडा वाढतो, धूर मात्र फार वाढतो. धुराड्यातून निघणारा काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा आहे आणि त्याचे पैसे आपण डिझेलच्या भावाने मोजलेले असतात.

पैशांपेक्षाही मोठी हानी उष्णतेने होते. जळण लांबते, बाहेर जाणारे वायू अधिक तापतात, पिस्टनचा माथा, झडपा आणि टर्बो यांवर ताण येतो. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते व रिंगा झिजतात. सपाट रस्त्यावर ही हानी लवकर दिसत नाही, कारण तेथे पूर्ण शक्ती क्षणभरच लागते. घाटात ती सलग कित्येक मिनिटे लागते. म्हणून असे इंजिन गावात चालते आणि घाटात मरते. मोजमापावाचून वाढविलेली शक्ती ही सावकाराच्या कर्जासारखी आहे. हातात पैसा लगेच येतो. व्याजाची वसुली हंगामाच्या ऐन मध्यावर होते.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. कंपनी स्वतःच एक इंजिन दोन-तीन निरनिराळ्या शक्तींचे करून विकते, मग आपण का वाढवू नये? त्याचे उत्तर असे की, शक्ती वाढविताना कंपनी अनेकदा पिस्टन, टर्बो, रेडिएटर, क्लच, गिअरपेटी व ब्रेक यांतही बदल करते. संगणकातील आज्ञा बदलल्याने क्लचची चकती जाड होत नाही व रेडिएटर मोठा होत नाही. शिवाय जी गाडी अधिक माल घेऊन घाट चढते, तिला तोच किंवा तेवढाच माल घेऊन घाट उतरावयाचेही असते. उतरणीवर शक्तीचा उपयोग नाही, तेथे ब्रेक पाहिजे. आणि ब्रेकची शक्ती कोणी वाढवून घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये नोंदणी-प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास गाडीत करता येत नाही. अपघात झाल्यास असा बदल विम्याच्या दाव्यात वादाचे कारण होऊ शकतो.

घाटाचे गणित

शक्ती कमी पडते तेव्हा इंजिन मोठे करण्याखेरीज दुसराही मार्ग आहे आणि तो फुकट आहे. एक हिशेब करून पाहू. मालासह १२ टन वजनाची गाडी एकास वीस चढावर ताशी १८ किलोमीटर वेगाने चढत आहे. हा वेग सेकंदास ५ मीटर झाला. चढ एकास वीस असल्यामुळे गाडी दर सेकंदास पाव मीटर उंच जाते. १२,००० किलोग्रॅम गुणिले पाव मीटर म्हणजे ३,०००. त्यास ७५ ने भागले असता ४० अश्वशक्ती येते. केवळ वजन वर उचलण्यास एवढी शक्ती लागली. चाकांचे घर्षण निराळे.

त्याच गाडीतून दोन टन माल कमी केला तर हीच गरज सुमारे ३३ अश्वशक्तीवर येते. म्हणजे दोन टन जादा भार उतरविणे हे जवळजवळ सात अश्वशक्ती वाढविण्याबरोबर आहे. त्यासाठी पंपाला हात लावावा लागत नाही, इंजिन तापत नाही आणि दंडाचेही भय राहत नाही. नोंदणीत लिहिलेल्या वजनाहून अधिक माल भरणाऱ्याने शक्ती कमी पडते अशी तक्रार करणे, हे चार बैलांचा नांगर दोन बैलांना जुंपून बैल आळशी झाले म्हणण्यासारखे आहे.

वेळेचाही हिशेब पाहावा. भाजीची गाडी पहाटे बाजारात पोहोचली नाही तर भाव पडतो, म्हणून शक्ती हवी, असे सांगण्यात येते. ही अडचण खरी आहे. परंतु मुरबाड वा शहापूरहून येणाऱ्या गाडीचा वेळ कोठे जातो, हे गाडीवानांनी एक आठवडा लिहून पाहावे. भरणीस झालेला उशीर आणि कल्याण-शिळफाटा रस्त्यावरील खोळंबा यांतच त्याचा मोठा भाग जातो असे बहुधा दिसून येईल. वाहनांच्या रांगेत शंभर घोड्यांची गाडी व दीडशे घोड्यांची गाडी सारखीच उभी राहते. तोडणी व भरणी अर्धा तास आधी आटोपणे हा वेग वाढविण्याचा अधिक स्वस्त उपाय होय.

डायनॅमोमीटरचा योग्य उपयोग

ज्यांना गाडी मोजून घेण्याची सोय आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी. मात्र पुढील क्रम पाळावा.

प्रथम गाडी आहे त्या स्थितीत मोजावी. नंतर हवेची व डिझेलची गाळणी, नोझलचा दाब व फवारा, पंपाचा टायमिंग, टॅपेटमधील अंतर, सिलिंडरचे कॉम्प्रेशन, टर्बोच्या नळ्यांची गळती, क्लच, ब्रेक आणि टायरमधील हवा ही सर्व तपासून दुरुस्त करावीत. त्यानंतर गाडी पुन्हा मोजावी. दोन आकड्यांतील फरक हा खरा लाभ होय. ती गाडीची स्वतःचीच शक्ती असते, दुर्लक्षामुळे हरवलेली. कित्येकदा एवढ्यानेच समाधान होते व पुढील खर्चाची गरज उरत नाही.

दोन्ही मोजण्या सारख्या स्थितीत झाल्या आहेत की नाहीत हे पाहावे. इंजिन सारखेच तापलेले असावे, गिअर तोच असावा, टायरमध्ये हवा तेवढीच असावी. हवा उष्ण व दमट असली म्हणजे इंजिनात प्राणवायू कमी जातो व शक्ती घटते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती उंचीबरोबर दर १०० मीटरला साधारण एक टक्क्याने कमी होते. म्हणून पहाटेचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून लाभ झाला असे मानू नये. केवळ अश्वशक्ती सांगणाऱ्या कागदावर विसंबू नये; त्या शक्तीसाठी डिझेल किती लागले, धूर किती झाला आणि बाहेर जाणाऱ्या वायूंचे तापमान किती होते, हेही विचारावे. ज्या कारखान्यात ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत तेथे तराजूची एकच बाजू दाखविली जाते, असे समजावे.

नव्या गाड्यांविषयी आणखी एक सूचना येथे आवश्यक आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे मानक लागू झाले. ह्या मानकाच्या पुष्कळ मालमोटारींत धूर निर्मळ करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरतात. त्यात ३२.५ टक्के अत्यंत शुद्ध युरिया व उरलेले शुद्ध पाणी असते. काही ठिकाणी खताचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतण्याचा मोह होतो. खताच्या युरियास निंबोळी तेलाचा लेप असतो व त्यात इतरही अशुद्धी असतात. त्यामुळे ती महाग यंत्रणा निकामी होते. शिवाय अनुदानित खत शेतीखेरीज अन्य कामी वापरणे हा गुन्हा आहे. शक्ती वाढविण्याच्या नावाखाली ही यंत्रणा बंद करून देण्याचे कोणी सुचविल्यास त्यास स्पष्ट नकार द्यावा.

गावातील शक्तिमापन

डायनॅमोमीटर प्रत्येकास जवळ मिळणार नाही. तथापि मोजण्याची सवय गावात बसूनही लावता येते.

पहिली मोजणी डिझेलची. टाकी काठोकाठ भरावी, ठराविक फेऱ्या कराव्यात, पुन्हा काठोकाठ भरावी. लिटर व किलोमीटर वहीत लिहावे. आपल्या राज्य परिवहनाच्या आगारांत गाडी लिटरला किती किलोमीटर धावली याचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो. एवढी मोठी संस्था जे करते ते एका गाडीच्या मालकास अवघड नाही. दोन महिन्यांत आकडा घसरू लागला तर गाडीस आजार आहे, हे घाटात अडकण्यापूर्वीच समजते.

दुसरी मोजणी चढाची. नेहमीच्या वाटेवरील एक ठराविक चढ निवडावा. नेहमीचा भार असताना तो कोणत्या गिअरात, किती मिनिटांत चढतो हे महिन्यातून एकदा नोंदवावे. येथे शर्यत करावयाची नाही. वाहतुकीचे सर्व नियम पाळून सहज चालीने चढावे.

तिसरी मोजणी धुराची. प्रदूषण-तपासणीच्या वेळी यंत्र धुराचा जो आकडा देते तो वाचून वहीत उतरवून घ्यावा. प्रमाणपत्र मिळाले म्हणून कागद घडी घालून ठेवू नये. मागील खेपेपेक्षा आकडा वाढला असेल तर गाळणी व नोझल तपासावेत.

ज्यांच्याकडे डिझेल इंजिनावर चालणारा पाण्याचा पंप आहे, त्यांच्या शेतावर तर डायनॅमोमीटर उभाच आहे. २०० लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते ते पाहावे. समजा २० सेकंद लागले. म्हणजे सेकंदास १० लिटर. नळातील घर्षण धरून एकूण उचल १५ मीटर असेल तर १० गुणिले १५ म्हणजे १५०. त्यास ७५ ने भागले असता पाण्याची शक्ती २ अश्वशक्ती झाली. पंप निम्म्या कार्यक्षमतेचा धरल्यास इंजिन सुमारे ४ अश्वशक्ती देत आहे. सुस्थितीतील डिझेल इंजिनास एक अश्वशक्ती एक तास देण्यासाठी पाव लिटरहून कमी डिझेल पुरते. म्हणून ह्या पंपास तासाला सुमारे एक लिटर लागावे. दीड लिटर लागत असेल तर इंजिन वा पंप यांपैकी एकात दोष आहे हे निश्चित समजावे. हा हिशेब ज्याने एकदा स्वतः केला त्यास मालमोटारीच्या बाबतीत कोणी सहसा फसवू शकणार नाही.

कार्यकर्त्यांस विनंती

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय परका मानू नये. पिकाचा खर्च काढताना आपण बी, खत व मजुरी मोजतो. वाहतूक मात्र ढोबळ आकड्याने लिहितो. गावातील गट, उत्पादक कंपन्या व सहकारी संस्था यांच्या प्रत्येक गाडीमागे एक वही सुरू करून द्यावी. तिच्यात डिझेल, चढ, धूर व दुरुस्ती यांसाठी चार रकाने पुरेत. भातकापणीपूर्वी, म्हणजे आश्विनात, वाहन-तपासणीचा एक दिवस ठेवावा व जाणत्या फिटरकडून गाळण्या, नोझल आणि ब्रेक पाहून घ्यावेत.

ह्यापुढे जाऊन माझे असेही मत आहे की, जिल्ह्यात निदान एका ठिकाणी ट्रॅक्टर व शेतमालाच्या गाड्या मोजून देण्याची सार्वजनिक सोय असावी. बुदनी दूर आहे आणि पुण्यातील प्रयोगशाळा कारखानदारांसाठी आहे. माती-परीक्षणाची सोय जिल्ह्यात झाली तेव्हा खताचा अपव्यय कमी करण्याचा मार्ग शेतकऱ्यास मिळाला. इंजिन-परीक्षणाची सोय झाल्यास डिझेलच्या बाबतीतही तोच मार्ग मोकळा होईल. वागळे इस्टेटीपासून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत कुशल कारागिरांची ह्या जिल्ह्यात वाण नाही. तांत्रिक शिक्षण देणाऱ्या संस्थांनी मनावर घेतल्यास त्यांच्या विद्यार्थ्यांसही ह्यातून प्रत्यक्ष शिक्षण मिळेल.

आपल्यापैकी कोणीही काट्यावर चढविल्यावाचून भात विकत नाही. अडत्याने अंदाजाने वजन सांगितले तर आपण हुज्जत घालतो. मग ज्या गाडीवर वर्षाची मिळकत लादून घाट चढावयाचा, तिची शक्ती अंदाजाने का वाढवावी? येत्या हंगामात कोणी शेतकरी बंधू कार्यकर्त्यास विचारील, "साहेब, पंपाचे डिझेल वाढवून घेऊ का?" तेव्हा त्याने प्रथम हवेची गाळणी उघडून पाहावयास सांगावे, आणि वही मागावी.